मारुतिरायाची रुई : दोन जाती आणि एक विवेक

चैत्री पौर्णिमा जवळ आली की गावोगावच्या मारुतिमंदिरांच्या दारी रुईच्या माळा दिसू लागतात. मारुतीची शनिवारची माळ, गणेशाच्या २१ पत्रींतील अर्कपत्र, ग्रहयज्ञात सूर्याप्रीत्यर्थ वाहिली जाणारी अर्काची समिधा, या सर्वांचे मूळ एकच आहे. कोणी न लावता, कोणी पाणी न घालता पडीक रानात उगवणाऱ्या या झुडपास आपल्या पूर्वजांनी देवघरात मानाचे स्थान दिले. परंतु नित्य हाती येणाऱ्या या पानाचे खरे स्वरूप आपण कधी न्याहाळले आहे काय?

आपल्याकडे सामान्य समजूत अशी की, रुईच्या दोन जाती. एक जांभळ्या फुलांची साधी रुई आणि दुसरी पांढऱ्या फुलांची, म्हणजे मंदार. रुईच्या जाती दोन आहेत हे खरे. मात्र त्यांची वाटणी फुलांच्या रंगावरून होत नाही.

वनस्पतिशास्त्रात या कुळीला ‘कॅलोट्रॉपिस’ म्हणतात. हे नाव रॉबर्ट ब्राऊन या शास्त्रज्ञाने १८१० साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सुंदर नौकातल’, म्हणजे नावेचा देखणा तळकणा, असा होतो. फुलाच्या मध्यभागी मुकुटासारखी जी पाच दले उभी असतात, त्यांच्या आकारावरून हे नाव पडले. या कुळीतील ‘जायगँशिया’ आणि ‘प्रोसेरा’ या दोन्ही जाती महाराष्ट्रात आढळतात. सोयीसाठी आपण त्यांना थोरली व धाकटी रुई म्हणू.

थोरलीची कळी लांबट, अंड्यासारखी. धाकटीची कळी वाटोळी. थोरलीचे फूल उमलले की पाकळ्या सपाट पसरतात, पुष्कळदा मागेही वळतात. धाकटीच्या पाकळ्या उभ्या राहून लहानशी वाटी करतात. त्या बुडाशी पांढुरक्या आणि टोकाशी गडद जांभळ्या असतात. थोरलीचे फळ लांबट व नावेसारखे वाकलेले, तर धाकटीचे कैरीसारखे फुगीर. थोरली १०-१२ फुटांपर्यंत वाढते व दक्षिण भारत, बंगाल, सिंहलद्वीप आणि त्यापलीकडील पूर्वेकडच्या देशांत पसरली आहे. धाकटीला कोरडा प्रदेश मानवतो. राजस्थानच्या वाळूपासून अरबस्तान व आफ्रिकेपर्यंत तिचा संचार आहे.

मग पांढरी रुई कोणती? ती थोरलीचेच एक रूप होय. कळी तीच, पाकळ्यांची ठेवण तीच. केवळ रंग निराळा. आपल्या कोशकारांनीही हे किती नेमके टिपले आहे पाहा. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात अर्काची नावे सांगताना ‘मंदार’ हे नाव सर्वसामान्य अर्काचे म्हणून येते. त्यानंतर त्याच अर्कातील शुक्ल प्रकारास ‘अलर्क’ व ‘प्रतापस’ ही नावे दिली आहेत. म्हणजे अमरसिंहाच्या दृष्टीने पांढरी रुई हा अर्काच्या पोटातलाच एक भेद आहे. कोश आणि विज्ञान येथे हातात हात घालून चालतात.

हा विचार केवळ पांडित्याचा नव्हे. पांढऱ्या रुईच्या मुळाशी गणेश वसतो या श्रद्धेपोटी आज ती झुडपे समूळ उपटली जातात आणि मुळांच्या मूर्ती बाजारात विकल्या जातात. ज्या देवाला आपण तिची पाने वाहतो, त्याच्याच नावाने तिचा मुळासकट नाश करावा, ही कोणती भक्ती? रुईच्या पानांवर नारिंगी पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या काठांच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. तिच्या फुलांवर काळे भुंगे येतात व परागांच्या चिमुकल्या पिशव्या एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतात. एक झुडूप उपटले म्हणजे या साऱ्यांचे घर उठले.

दुसरी गोष्ट याहूनही निकडीची आहे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू याची कथा येते. भुकेने व्याकूळ होऊन त्याने अर्काची पाने खाल्ली. तो अंध झाला आणि विहिरीत पडला. पुढे अश्विनीकुमारांच्या कृपेने त्याला दृष्टी लाभली. कीर्तनात आपण ही कथा गुरुभक्तीसाठी ऐकतो. पण व्यासांनी तीत अर्काचे नाव घेतले आहे, हे विसरू नये. दोन्ही जातींचा चीक विषारी आहे. तो डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते. कित्येकदा वेदना फारशा होत नाहीत, केवळ अंधूक दिसू लागते. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तेथेच घात होतो.

यास्तव गृहिणींना व मुलांना आमचे सांगणे असे की, पाने खुडताना डोळ्यांना हात लावू नये. चीक निथळल्यावर पाने धुवावीत आणि मगच माळ ओवावी. त्यानंतर हात साबणाने स्वच्छ करावेत. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. चीक डोळ्यांत उडालाच तर तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि विलंब न करता नेत्रवैद्याकडे जावे. अंगारा वा घरगुती औषध डोळ्यांत घालू नये.

मारुतिराय बलाचे दैवत आहे, तसेच ते बुद्धिमंतांत वरिष्ठ आहे. त्याला वाहिलेल्या पानासोबत थोडी डोळस बुद्धीही वाहावी. यंदाच्या जयंतीस माळेपुरती पाने घ्यावीत, झुडूप उभे ठेवावे आणि मुलाबाळांना ते फूल जवळून दाखवून विचारावे, ‘सांग, ही थोरली की धाकटी?’