पाय जलद, की चेंडू जलद?

१/ फुटबॉलच्या प्रक्षेपणात हल्ली खेळाडूच्या नावाशेजारी त्याचा ताशी वेग झळकतो. त्या आकड्यांतून एक सिद्धान्त रूढ झाला आहे : ज्या संघाचे पाय जलद तो विजयी, आणि भारत मागे आहे तो पाय मंद म्हणून. हा सिद्धान्त इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. त्याचे खंडन शोधायला यवतमाळच्या वाचकाला फार लांब जावे लागत नाही. पैनगंगा ओलांडली तरी पुरे.

२/ यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा १९५६ पर्यंत राज्याची हद्द होती. पैलतीरी हैदराबाद राज्य. आजच्या नांदेड जिल्ह्यातील माहूर-किनवटही त्यातच. त्या राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, तोही १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा. १८९१ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा दीर्घकाळ ब्रिटिश पलटणींची मिरासदारी होती.

३/ या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव नव्या पिढीला ठाऊक झाले. रहीम पेशाने शिक्षक होते आणि त्यांनी फुटबॉलही शिकवण्याचा विषय मानला. ज्यांत ड्रिबलिंगला मनाई असेल अशा स्पर्धा त्यांनी भरवल्या. केवळ कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धाही घेतल्या. चेंडू पायाशी घोळवत धावणाऱ्याला तिथे किंमत नव्हती. चेंडू येण्यापूर्वीच तो कुणाला द्यायचा हे ज्याने ठरवले आहे, तो खेळाडू त्यांना हवा होता.

४/ यामागचे गणित शाळकरी आहे. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटरचा विश्वविक्रम करताना उसेन बोल्टला पहिल्या ३० मीटरसाठी ३.७८ सेकंद लागले. सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारा साधा पास तेच अंतर २ सेकंदांत कापतो. जगातला सर्वांत वेगवान माणूसही चेंडूशी शर्यत हरतो. मग संघाने घाम कशासाठी गाळावा : पायांचा वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने वाढवण्यासाठी, की चेंडू अर्धा सेकंद आधी सोडण्यासाठी?

५/ निर्णायक पुरावा १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा. रहीम यांचा भारतीय संघ गटातील सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. काही दिवसांनी, ४ सप्टेंबरला, अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून त्याने सुवर्णपदक जिंकले. एवढ्या दिवसांत कुणाचे पाय जलद होत नाहीत. वेगाच्या सिद्धान्ताने दुसऱ्या सामन्याचाही निकाल पहिल्यासारखाच लागायला हवा होता.

६/ मग बदलले काय? रचना. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला थायलंडविरुद्ध जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभे केले. उपान्त्य सामन्यात त्यांनी गोल केला आणि अंतिम सामन्यातही. अंतिम सामन्यातला पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा. ते वेगवान होते, हे मान्य. पण तितकेच वेगवान ते ०-२ च्या पराभवातही होते.

७/ प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा लपवण्याचे कारण नाही. जर्मन बुंडेसलिगातील गोलांच्या एका अभ्यासात गोलापूर्वी सर्वाधिक आढळलेली हालचाल सरळ वेगवान धाव हीच होती. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते की गोल करताना धावावे लागते. धावण्यासाठी मोकळी जागा कुणी निर्माण केली आणि धाव कोणत्या क्षणी सुरू झाली, याचे उत्तर घड्याळाकडे नसते. एक पाऊल आधी निघालेला मध्यम धावपटू एक पाऊल उशिरा निघालेल्या चपळ धावपटूच्या आधी पोहोचतो.

८/ हा वाद पुस्तकी नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे १०० आणि १६०० मीटर धावतात. तिथे घड्याळ योग्यच आहे, कारण ती परीक्षा एकेकट्याची आहे. तेच घड्याळ संघनिवडीत अंतिम न्यायाधीश झाले, तर खेळ वाचणारा, योग्य वेळी पास देणारा मुलगा पहिल्याच चाळणीत गळतो. त्याचे नाव कुठल्याही यादीत येत नाही, म्हणून त्या नुकसानीची नोंदही होत नाही. हैदराबादचा तो संघही पोलिसांचाच होता, याचे स्मरण इथे ठेवावे.

९/ ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर भारताने आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकलेले नाही. याची कारणे अनेक आहेत. आशियातील इतर देश झपाट्याने पुढे गेले, हे त्यांतले एक. पण भारतीयांचे पाय मंद पडले, हे कारण त्यांत बसत नाही. पायांना दोष देणे सोयीचे असते, कारण पाय निसर्गाने दिलेले असतात. शिक्षक मात्र समाजाला घडवावा लागतो, आणि त्याच्या अभावाचा जाबही समाजालाच द्यावा लागतो.

१०/ म्हणून यापुढे पडद्यावर ताशी किलोमीटरचा आकडा झळकला, की एक प्रश्न अवश्य विचारावा : तो खेळाडू धावत सुटला तेव्हा चेंडू कुणी सोडला होता, आणि किती आधी?