औषध अंगवळणी पडलं का?



मागे एका वाचक भगिनीने विचारले होते, "मुलाला लक्ष लागण्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिली आहे. वर्षभर छान गुण आला. आता काहीच फरक दिसत नाही. डोस वाढवावा का?" उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हा प्रश्न माझ्याच घरातला आहे. आणि त्यात मी एक चूक करून बसले होते, तीही सांगायला हवी.

आमचा धाकटा पाचवीत आहे. वेरूळला घृष्णेश्वराच्या वाटेवर आमचे छोटे दुकान आहे. दुकानात येणारे-जाणारे त्याला 'वांड' म्हणत. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून एडीएचडी असल्याचे सांगितले आणि मेथिलफेनिडेटची गोळी सुरू केली. पोरगा एका जागी बसून पाढे म्हणू लागला. सासूबाईंनी त्याची दृष्टच काढली!

यंदा जूनपासून मात्र पुन्हा तक्रारी. वह्या अर्धवट, वर्गात उठबस. सासूबाई म्हणाल्या, "औषध अंगवळणी पडलं गं त्याच्या." मलाही ते पटले. चहाचे नाही का तसेच होत? एका कपाने भागत नाही, मग दोन लागतात. घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांना न विचारता अर्धी गोळी जास्त दिली.

ती रात्र मी विसरणार नाही. पोर जेवले नाही, झोपले नाही. "आई, छातीत धडधडतंय" म्हणत मला बिलगून राहिले. ह्यांनी रात्रीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सकाळी आम्ही शहर गाठले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "गोळी किती वाजता देता?"

"सातला, पहिल्यापासून."

"आणि शाळा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौथीपर्यंत सकाळची शाळा होती. पाचवीत दहा ते पाच झाली. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणजे शाळेचा जेमतेम एक तास होतोय तोच औषध उतरायचे. अंगवळणी काही पडले नव्हते, वेळ चुकली होती! मी स्वतः अर्धवेळ शिकवते, शाळेचे वेळापत्रक पाठ, पण गोळीचे वेळापत्रक बदलायचे सुचले नाही.

त्यांनी पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली. वहीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. श्रावणी सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी गोळी हमखास राहायची. आणि रात्री अकरापर्यंत तो दुकानात जागाच असायचा. अपुऱ्या झोपेपुढे कोणती गोळी पुरी पडणार?

अंगवळणी पडणे अगदीच खोटे, असे मात्र नाही. काहींच्या बाबतीत होते. एका दिवसातही होते! अमेरिकेत स्वान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले की, दिवसभर औषध एकाच पातळीवर ठेवले तर दुपारनंतर त्याचा गुण कमी पडतो. म्हणून सकाळी थोडे आणि पुढे चढत जाणारे औषध सोडणारी लांब पल्ल्याची गोळी निघाली. ती तिथे २००० साली बाजारात आली. कोणतीही लांब पल्ल्याची गोळी मूल गिळत नाही म्हणून कुटून केळ्यात घालू नका, बरं का. सगळे औषध एकदम उतरते.

खरेच गुण कमी झाला असेल, तर मार्ग डॉक्टरांकडे आहेत. मुलाचे वजन वाढले म्हणून मात्रा पाहणे, वेळ बदलणे, गोळीचा प्रकार बदलणे, सुट्टीत काही दिवस खंड देऊन पाहणे, किंवा अ‍ॅटोमोक्सेटिनसारखे वेगळ्या जातीचे औषध. यातले काहीही आपल्या मनाने करायचे नाही. खंडसुद्धा नाही.

वहीत एवढे लिहा:
• गोळी किती वाजता दिली, राहिली का.
• गुण केव्हा दिसला, केव्हा ओसरला. शाळेतल्या बाईंनाही विचारा.
• झोप किती, जेवण कसे. ही गोळी भूक मारते, म्हणून नाश्ता आधी पोटभर द्या.
• महिन्यातून एकदा वजन आणि उंची.
• चहा, कॉफी किती.

गोळ्या कुलपात ठेवा. कायद्याने हे औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. आमच्या गावात ते मिळत नाही, म्हणून संपायच्या आठवडाभर आधीच ह्यांची शहराची खेप ठरते. नात्यातल्या एका बाईंनी बारावीच्या मुलासाठी "दोनच दे" म्हणून मागितल्या होत्या. वाईटपणा आला तरी मी दिल्या नाहीत. तुम्हीही देऊ नका. धडधडत्या छातीचे पोर मी कुशीत घेतले आहे.

गंमत म्हणजे, १९४४ साली हे औषध स्वित्झर्लंडमध्ये तयार करणाऱ्या पानिझॉन यांनी त्याला आपल्या बायकोच्या, रीटाच्या, नावावरून 'रिटालिन' म्हटले. एका घरातूनच नाव घेतलेले हे औषध. त्याला घरातली शिस्तही हवी.

आता आमची गोळी नाश्त्यानंतर, साडेनऊला. दुपारची डॉक्टरांनी ठरवून दिली आहे, ती बाईंच्या हातून. मात्रा वाढवावी लागली ती एवढीच, आणि तीही त्यांनी. दिवाळीपूर्वीच्या परीक्षेत त्याने पेपर पुरा सोडवला. मार्क बेताचेच आहेत, पण शेवटचे पान कोरे नव्हते.

तेव्हा भगिनी, डोस वाढवण्याआधी घड्याळ पाहा, वही काढा, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा.