तारीख पुढें मागतांना

कोर्टाची तारीख पुढें जाणें ही गोष्ट आपल्या घरांतून इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तहकुबी मागण्यांत कांहीं जोखीम असते हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतहि एका पक्षास तीनांहून अधिक वेळां तहकुबी देऊं नये असा निर्बंध 2002 पासून अमलांत आहे. तो कितपत पाळला जातो, हें कोर्टाची पायरी चढलेल्यांस सांगावयास नको. हीच संवय घेऊन विलायतेंतील व्हिसाच्या अपिलाकडे पाहणें मात्र घातक आहे.

मुलगा इंग्लंडांत स्थायिक झालेला असतो. त्याचें लग्न होतें, सून येथें सासरीं राहते, आणि पतीजवळ जाण्यासाठीं तिनें केलेला अर्ज तेथील गृहखातें नामंजूर करतें. परदेशांतील अर्जदारास नकाराचें पत्र मिळाल्यापासून अपिलासाठीं 28 दिवस असतात. कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारें केलेलें हें अपील फर्स्ट-टिअर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणापुढें चालतें. अपील सुनेचें, पण ती तेथें नसते. तिच्या वतीनें बोलावयाचें तें नवऱ्यानें आणि कागदपत्रांनीं. म्हणून ठरल्या दिवशीं त्यानें हजर असणें यावर पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें.

न्यायाधिकरणाच्या 2014 च्या नियमांनीं सुनावणी पुढें ढकलण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला आहे. पक्षकाराचा तो हक्क नव्हे. प्रकरण न्याय्य रीतीनें निकालांत निघावें आणि अकारण विलंबहि होऊं नये, हें त्यांनीं पाहावयाचें असतें. त्याच सालीं वरिष्ठ न्यायाधिकरणानें असें ठरविलें कीं, तहकुबी नाकारणें वाजवी होतें कीं नाहीं हा प्रश्न नसून, त्या नकारामुळें पक्षकार न्याय्य सुनावणीस मुकला कीं काय, हा खरा प्रश्न आहे. तहकुबीच्या अर्जाची सारी मांडणी याच मुद्यावर व्हावी, असें आम्हांस वाटतें. धाकट्या नणंदेचें लग्न हें कारण घरांत कितीहि मोठें असो, त्यामुळें सुनावणी अन्यायाची कशी होते हें सांगणें कठीण. (आणि असलें कारण पुढें करण्यापूर्वीं सुनेस एकदां विचारलें जातें काय? वाढलेले महिने तिलाच काढावयाचे असतात.) नवरा रुग्णालयांत आहे, व वादाच्या मुद्यावर त्याच्यावांचून दुसरा कोणी साक्ष देऊं शकत नाहीं, या कारणास मात्र वजन आहे. डॉक्टरांचा दाखला केवळ "प्रकृति ठीक नाहीं" एवढाच नसावा. त्या दिवशीं साक्ष देणें कां अशक्य आहे व केव्हां शक्य होईल, हें त्यांत असावें.

2010 च्या निर्देशांत अर्जाची मुदत अशी होती कीं, अर्ज व सुनावणी यांमध्यें कामकाजाचा एक पुरा दिवस राहावा. शुक्रवारची सुनावणी असेल, तर बुधवारीं सायंकाळीं 5 पर्यंत अर्ज पोंचावा. आजची मुदत नोटिशींत व चालू निर्देशांत पाहावी. तोंपर्यंत थांबावें असा मात्र याचा अर्थ नव्हे. अडचण कळतांच लिहावें. अर्ज दिला म्हणजे तारीख पुढें गेली, ही समजूत फार महाग पडूं शकते. मंजुरीचें उत्तर हातीं येईपर्यंत तारीख कायम आहे असेंच धरून साक्षीदारानें व वकिलानें तयारी ठेवावी; कारण नोटीस पोंचूनहि पक्षकार आला नाहीं आणि काम पुढें चालविणें न्यायास धरून होईल असें वाटलें, तर न्यायाधीश गैरहजेरींतहि सुनावणी करूं शकतात.

सुनेनें येथूनच दूरचित्रसंवादानें साक्ष द्यावी, ही सूचना घरांतील तरुण मंडळी चटकन् करतात. परंतु परदेशांत बसून तोंडी साक्ष द्यावयाची, तर त्या देशाच्या सरकारचा आक्षेप नसावा लागतो, हें 2021 च्या एका निर्णयानें स्पष्ट केलें आहे. ती चौकशी ब्रिटिश परराष्ट्रखात्याच्या द्वारें होते. हा विचार तारीख लागल्यावर सुचला, तर तहकुबी मागण्याची पाळी आपण होऊनच आणली असें होईल. अपील दाखल करतांनाच वकिलांपाशीं तो विषय काढावा. सुनेचें लेखी निवेदन मात्र अवश्य पाठवावें. त्याला अशी परवानगी लागत नाहीं.