विश्लेषण : बुटीबोरीच्या महामार्गावर इतिहासाच्या पाट्या का हव्यात?

नागपूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात बुटीबोरी गाठते. औद्योगिक वसाहतीचे फलक, वर्धा आणि चंद्रपूरचे बाण, किलोमीटरचे पिवळे-पांढरे दगड हे सगळे दिसते. मात्र हा रस्ता कोणत्या मुलखातून जातो, हे सांगणारी पाटी सहसा नजरेस पडत नाही. या पट्ट्यात सांगण्यासारखे काही नाही म्हणावे, तर तसेही नाही.

गावाच्या नावापासूनच सुरुवात का?

‘बोरी’ नावाची गावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत. या बोरीला ‘बुटी’ हे नाव नागपूरच्या बुटी या सावकार-मालगुजार घराण्यावरून चिकटले, असे सांगितले जाते. याच घराण्यातील गोपाळराव बुटी यांनी शिर्डीत बांधलेल्या वाड्यात १९१८ मध्ये साईबाबांची समाधी झाली. आजचे समाधी मंदिर म्हणजे तोच बुटी वाडा. शिर्डीला दरवर्षी जाणाऱ्या बुटीबोरीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

टाकळघाटात काय सापडले?

बुटीबोरीलगतच हिंगणा तालुक्यातील टाकळघाट आहे. तेथे आणि जवळच्या खापा येथे नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९६८-६९ मध्ये उत्खनन केले. टाकळघाटात वस्तीचे अवशेष मिळाले, तर खाप्याला शिळावर्तुळे. शिळावर्तुळ म्हणजे मोठमोठे धोंडे गोलाकार रचून केलेले दफनाचे ठिकाण. ही माणसे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्याकडे लोखंडाची अवजारे होती, काळी-तांबडी भांडी होती, घोडे होते. याच संस्कृतीतील लोखंड गाळण्याची भट्टी पुढे पारशिवनी तालुक्यातील नैकुंड येथे सापडली. आज बुटीबोरीत पोलादाचे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या शेजारच्या शिवारात विदर्भातले जुने लोहार निजलेले आहेत. पर्यटन खात्याला यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळणार नाही.

मग अडचण काय? नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी काही शिळावर्तुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत. तेथे १९५८ चा कायदा लागू होतो. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण असते. अशा ठिकाणी जो निळा फलक असतो तो मुख्यतः शिक्षेची कलमे सांगतो. ती जागा कशाची आहे, हे गावकऱ्याला त्यावरून कळत नाही. शेतातल्या असंरक्षित वर्तुळांना तर तेवढाही आधार नाही. नांगराला आडवा येणारा धोंडा बांधावर जातो, मुरमासाठी टेकाड खणले जाते. यात वाईट हेतू असतोच असे नाही, कारण तो धोंडा काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हिंगणघाटला कोण थांबले?

याच रस्त्याने पुढे जामवरून हिंगणघाट लागते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून एक पायारेषा आखली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताची मोजणी सुरू केली. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांच्या हाताखालचे जॉर्ज एव्हरेस्ट पुढे प्रमुख झाले, आणि १८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली. २०२३ मध्ये त्यांच्या मृत्यूला २०० वर्षे झाली.

नागपूरचा झिरो माइल हा याच सर्वेक्षणाच्या परंपरेतला. तेथील छोट्या दगडावर १९०७ साल आहे. स्तंभावर हैदराबादचे अंतर ३१८ मैल लिहिले आहे. ते अंतर बुटीबोरीच्याच दिशेचे.

पाटी चुकली तर?

धोका इथेच आहे. झिरो माइल म्हणजे ‘भारताचा मध्यबिंदू’ असे शाळेपासून ऐकवले जाते. आजच्या नकाशावरचा मध्य मात्र मध्य प्रदेशात येतो. दगडावर एकदा चढलेली गोष्ट पुसायला पिढ्या जातात. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्य १९२७ पासून रस्त्यांवर इतिहासाचे फलक लावते आहे, तेथेही जुने मजकूर बदलावे लागले आहेत. त्यामुळे मजकूर अभ्यासकांकडून तपासून घेतल्याशिवाय पाटी उभारू नये, मग उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल.

दुसरा प्रश्न जागेचा. ताशी ८०-१०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतून चार ओळी वाचता येत नाहीत, म्हणून पाटी टोलनाका, ट्रक थांबे, बसस्थानक आणि चहाच्या टपऱ्यांजवळ हवी. मराठी आधी, अक्षरे मोठी. नुसता क्यूआर कोड चिकटवून हात झटकणे म्हणजे पाटी नव्हे, कारण स्कॅन करण्याआधी माणसाला थांबावेसे तरी वाटले पाहिजे. शिळावर्तुळांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळायला हवे. असंरक्षित वर्तुळाची नेमकी जागा पाटीवर देऊ नये. गुप्तधनाच्या आशेने रात्री खणणारे आपल्याकडे कमी नाहीत. तेथे आधी नोंद, मोजणी आणि शेतमालकाशी बोलणी व्हावीत, पाटी त्यानंतर.

हिंगणघाटच्या बाबतीत यातले काहीच आडवे येत नाही. तारीख माहीत आहे, माणूस माहीत आहे, गाव महामार्गावर आहे. सुरुवात तेथूनच करता येईल. मजकूरही फार लागत नाही : ‘भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी या गावी वारले. त्यांची कबर येथेच आहे.’