नाताळची सुटी आणि नाताळ

नाताळच्या सुटींत सोयगाव तालुक्याच्या वाटा गजबजून जातात. अजिंठ्याचीं लेणीं याच तालुक्यांत आहेत. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या मुखावरची करुणा पाहून आम्ही सुशिक्षित गहिंवरतों, आणि परततांना रस्त्याकडेच्या शेतांत कापूस वेंचणाऱ्या बायांकडे पाहावयास मोटारीची कांचही खालीं करीत नाहीं.

ख्रिस्ती सणाच्या अर्थाशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. सुटी घेतांना मात्र ही शंका कोणास येत नाहीं! आणि शहरांतील आमच्या ख्रिस्ती बांधवांस तरी, केक नि कागदी चांदण्यांच्या खरेदींत, धर्मशाळेंत जागा न मिळाल्यामुळें गव्हाणींत निजविलेलें तें मूल आठवतें काय?

पंडिता रमाबाईंस तें आठवलें होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, उपासमारीनें खंगलेल्या मुली व विधवा घेऊन आल्या, आणि केडगावास मुक्तिसदन उभें राहिलें. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ सालीं त्यांच्या शारदासदनावर पुण्यांत केवढें काहूर माजलें होतें! तें माजविणाऱ्यांपैकीं किती जण दुष्काळांत त्या वाटेनें गेले?

यंदा लेणीं पाहून परततांना फर्दापूरच्या आसपास गाडी थांबवावी, आणि त्या बायांस आजची मजुरी काय मिळाली एवढें तरी विचारावें.