“हळू जा” म्हणून भागत नाही, गिअर सांगा

आज पदार्थ नाही, काचीगुड्याचा जुना फोटोही नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि ते आपल्याच वयाच्या लोकांशी.

मागच्या श्रावणात आम्ही श्रीशैलला गेलो. भाच्याने नवीच उंच जीप घेतली होती, मॅन्युअल गिअरची, फोर बाय फोर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा काहीच दोष नव्हता. पुढे तो आणि मी, मागे माझी अक्का आणि तिची सहा वर्षांची नात. मन्ननूरचं चेकपोस्ट रात्री बंद असतं, म्हणून पहाटेच निघालो होतो. दोमलपेंट्यापर्यंत पोराने गाडी छान आणली. ईगलपेंटा मागे पडलं आणि धरणाकडे उतरणारी वळणं सुरू झाली.

दोन-तीन वळणं गेल्यावर मला जाणवलं की इंजिनाचा आवाजच येत नाहीये. खाली पाहिलं तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि उजवा पाय ब्रेकवर रेललेला.

“अरे, न्यूट्रल का?”

“डिझेल वाचतं ना मावशी.”

पुढच्या वळणाला जळका वास आला. अक्काला वाटलं बाहेर कुणी कचरा पेटवलाय. त्याच्या पुढच्या वळणाला तो हळूच म्हणाला, “मावशी, ब्रेक खाली जातोय.” आवाज बदललेला होता. मी म्हटलं, “घाबरू नकोस. क्लच दाब, तिसरा टाक, क्लच सोड. आता दुसरा.” गाडी गुरगुरली, नाक खाली घातल्यासारखी झाली आणि धरली. डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा मिळाली तिथे थांबलो. पहिला गिअर टाकला, चाकांना दगड लावले. तो तापलेल्या चाकांवर बाटलीतलं पाणी ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी गेलं तर डिस्क वाकडी होऊ शकते. अर्धा-पाऊण तास तसेच बसून राहिलो. नात मजेत बिस्किटं खात होती. अक्काचे हात मात्र दर्शन होईपर्यंत थरथरत होते.

घरी आल्यावर सगळ्यांचा एकच निकाल: विका ती गाडी, ऑटोमॅटिक घ्या.

माझं भांडण इथेच आहे. निघताना आपण सगळ्यांनी त्या पोराला काय सांगितलं होतं? मेव्हण्यांनी, वहिनीने, मीसुद्धा? “हळू जा.” तो हळूच जात होता हो! चाळीसच्या पुढे काटा गेला नव्हता. हळू जाण्यासाठीच तर तो सारखा ब्रेक दाबत होता आणि त्यानेच ब्रेक तापले. उतारावर गाडी कशाने हळू ठेवायची हे कुणी सांगितलंच नाही. गाडी चालवायला तो शिकला गच्चीबावलीच्या फ्लायओव्हरवर, तिथे उतार संपायच्या आत सिग्नल येतो.

मला हे ठाऊक होतं ते बाबांमुळे. ते पाटबंधारे खात्यात होते. श्रीशैलच्या धरणाची पायाभरणी नेहरूंनी 1963 साली केली, पुढे कितीतरी वर्षं काम चाललं आणि बाबांच्या तिथे फेऱ्या असत. सुट्टीत आम्हालाही नेत. खात्याची जीप होती, महिंद्राची सीजे-थ्री-बी. तीन गिअर आणि शेजारी दोन आखूड दांड्या, एक पुढची चाकं जोडायची, दुसरी ‘लो’ची. लो टाकला की चाकं साधारण अडीचपट हळू फिरतात आणि जोर तेवढाच वाढतो. ड्रायव्हर जुन्या शहरातले होते, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते म्हणायचे, “बेटा, जो गेर में चढना, वोइच गेर में उतरना. बिरेक नक्को घिसो.” आणि गिअर टाकायचे ते उतार सुरू व्हायच्या आधी, वरच. मधे नाही.

1677 साली महाराज भागानगरहून श्रीशैलला आले हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. सांगायलाच हवं. पण श्रीशैलच्या वाटेवर आज गाडी कशी उतरवायची हेही सांगायला नको का?

न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज तर आधी डोक्यातून काढा. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जवळजवळ बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवतात आणि तोच अडसर गाडीला धरून ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन लागतंच. म्हणजे बचतही नाही आणि पकडही नाही. पुण्याच्या नातेवाइकांना नवले पुलाबद्दल विचारा, कात्रजच्या बोगद्यापासून न्यूट्रलमध्ये सुटलेल्या ट्रकांनी तिथे काय काय केलंय ते सांगतील.

ऑटोमॅटिकवर माझा राग नाही, पण तिथेही उतारावर खालचा गिअर धरावाच लागतो, ‘डी’मध्ये ठेवून विसरता येत नाही. आणि उतारावर वेग धरणारं ते नवं बटण असतं ना, ते ब्रेकच लावतं. लांब घाटात तेही तापणारच.

मी निकाल मानला नाही. विकाराबादजवळ ओळखीच्यांचं शेत आहे, तिथल्या तळ्याच्या कट्ट्यावर मुरमाचा उभा चढ आहे. (अनंतगिरीच्या जंगलात गाड्या घालू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.) भाच्याला तिथे नेलं. घाटातल्या कोरड्या डांबरावर फोर-व्हील लागत नाही, उलट वळणावर यंत्रणेवर ताण येतो. पण मुरमावर फोर-लो हवाच. अर्ध्या चढावर त्याने गिअर बदलायला क्लच दाबला, जोर तुटला, गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. त्याचा पाय पुन्हा क्लचवर, म्हणजे नेमका चुकीच्या जागी.

मग दिवसभर तेच. बंद पडली की आधी ब्रेक घट्ट, हँडब्रेक वर. क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचं, मग हँडब्रेक काढून, क्लच पूर्ण सोडत असतानाच ब्रेकही अलगद सैल करायचा. गाडी रिव्हर्सच्या गिअरवर स्वतःच मुंगीच्या चालीने खाली येते. आरसे बघत सरळ यायचं, आडवी वळवायला गेलात तर कलंडेल. उतरताना पहिला गिअर, क्लचपासून पाय लांब. मुरमावर चाकं अडकून गाडी सरकायला लागली तर ब्रेक सोडून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. हे शेवटचं त्याला पटेना. मलाही उस्तादांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. सहाव्या-सातव्या वेळी त्याच्या पायाला कळलं.

गाडी विकलेली नाही. शिवरात्रीला तोच अक्काला श्रीशैलला घेऊन गेला. मी गेले नाही, गुडघे दुखत होते. अक्का निघताना खिडकीची काच खाली करून मला म्हणाली, “दुसराच ना गं?” मी म्हटलं, “हौ, दुसरा. आणि वरूनच.”

पावसाळ्याआधी एका रविवारी पुन्हा त्या शेतावर जायचा विचार आहे. कुणाला मुलामुलींना पाठवायचं असेल तर सांगा. जेवणाचे डबे आपापले आणा.