गुगलच्या दारातील मराठी पाटी

पाटीचे मोल काय असते, हे सीमाभागातील मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. दुकानाच्या फलकावर मराठीला जागा मिळावी म्हणून आपण निवेदने दिली, मोर्चे काढले. २०२४ च्या कर्नाटकातील कायद्याने फलकावरील ६० टक्के जागा कन्नडसाठी ठरवून दिली. उरलेल्या जागेसाठीचे आपले म्हणणे आपण मांडतच राहू. परंतु दरम्यानच्या काळात गिऱ्हाईक रस्त्यावरच्या पाट्या वाचायचे सोडून मोबाईलवर दुकान शोधू लागले. तिथे आपली पाटी कुठे आहे, याचा विचार आपण केला आहे काय?

एक उदाहरण पाहू. कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात होत नाही. अथणी-निपाणीकडचे कारागीरही ती पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला व बेळगावही त्यात आले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच चपला दाखविल्या आणि या नावाची चर्चा जगभर झाली. त्या दिवसांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याला, जो निपाणीजवळ हा धंदा करतो, आम्ही विचारले, "काय रे, मागणी वाढली का?" तो म्हणाला, "सर, पैसे भरून वेबसाईट केली, पण कोणाला सापडतच नाही."

आम्ही ती पाहिली. वर 'आपले स्वागत आहे' एवढेच. बाकी सगळे छापील पत्रकाचे फोटो. जो थोडा मजकूर होता, तोही डीटीपीच्या जुन्या टंकातला. आम्ही शिक्षकांनी अशा टंकात वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. कागदावर ती मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तरच यंत्राला तो मराठी म्हणून वाचता येतो. मोबाईलवर आपण टंकतो ते युनिकोडच असते.

शोधयंत्राचे काम पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या सूचीसारखे आहे. ते पाने वाचत फिरते, कोणता शब्द कुठे आहे याची नोंद ठेवते आणि कोणी विचारले की उपयुक्त वाटतील ती पाने आधी दाखविते. म्हणून पानाच्या शीर्षकात 'मुख्यपृष्ठ' असे न लिहिता माल आणि गाव लिहावे : 'हाताने शिवलेली कोल्हापुरी चप्पल, निपाणी'. पुढे कातडे कोणते, मापे कोणती, माल पोहोचतो कुठे, हे साध्या वाक्यांत सांगावे. फोटोखाली दोन शब्द लिहावेत. दुकानाचा पत्ता, वेळ व फोन गुगलच्या नकाशावर नोंदवावा, त्याला पैसे पडत नाहीत. समाधानी गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगावे, खोटे अभिप्राय विकत घेऊ नयेत. एकच शब्द शंभरदा लिहून यंत्र फसत नाही, उलट पान मागे पडते. 'पहिला नंबर मिळवून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. तशी हमी कोणालाच देता येत नाही, असे गुगलच सांगते. फळ दिसायला काही महिने लागतात.

आता नावाचा प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरी 'बेळगावी' झाले. पुण्या-मुंबईचा माणूस कुंदा किंवा मांडे शोधताना 'बेळगाव'च टंकतो, बंगळूरचा 'बेळगावी' लिहितो. गिऱ्हाईक जो शब्द वापरते तो पानावर हवा, हा या विद्येचा पहिला धडा. समितीच्या बैठकीत आम्ही हे सांगितले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "म्हणजे कन्नडही लिहायचे? मग इतकी वर्षे झगडलो कशासाठी?" त्यांच्या प्रश्नामागची वेदना आम्ही जाणतो. परंतु रस्त्यावरच्या फलकाची जागा मोजकी असते, तशी इथे नसते. कन्नड गिऱ्हाइकासाठी वेगळे पान केल्याने मराठीचे एक अक्षरही कमी होत नाही. मराठीचे अख्खे पान आपले आहे. ते कोरे राहिले, तर दोष कोणत्या सरकारला देणार?

आमची शाळेत शिकलेली मुले कामासाठी कोल्हापूर, पुणे, गोवा गाठतात. त्यांतील चारजणांना जरी गावातला माल गावातूनच विकता आला, तरी मराठी घरे आणि मराठी शाळेचे वर्ग भरलेले राहतील. म्हणून प्रत्येक गावच्या तरुण मंडळाने येत्या सुटीत गावातील कारागिरांची आणि दुकानांची यादी करावी व प्रत्येकाचे एक पान शुद्ध मराठीत लिहून द्यावे. मजकूर तपासून द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत.